पाहणारा पडदा आणि खासगी पत्रव्यवहार

पत्र लिहून झाल्यावर तें पाकिटांत घालावें, पाकिटावर लाख लावावी आणि मग तें टपालांत टाकावें, म्हणजे त्यांतील मजकूर परक्याच्या नजरेस पडत नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत खोटी नाहीं, पण अपुरी आहे. ज्या काळीं लोक दौत-टांकानें लिहीत, त्या काळीं ओली शाई सुकविण्यासाठीं अक्षरांवर टिपकागद दाबीत असत. पत्र लाखेच्या मोहोरेआड सुरक्षितपणें निघून जाई. परंतु टेबलावर मागें राहिलेला टिपकागद आरशासमोर धरला, तर त्यांतल्या ओळी उलट्याच्या सुलट होऊन वाचतां येत. चोरी वाटेंत झालेली नसे. ती टेबलावरच झालेली असे. आज दौत गेली, टिपकागद गेला, आणि पत्राची जागा मोबाईलवरच्या व संगणकावरच्या मेसेजनें घेतली. परंतु वाटेंतील धोका वेगळा आणि टेबलावरचा धोका वेगळा, हा भेद मात्र जसाच्या तसा शिल्लक राहिला आहे.

वाटेवरचा बंदोबस्त आज पुष्कळच चांगला आहे, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. व्हॉट्सॲपनें २०१६ च्या एप्रिलमध्यें आपल्या मेसेजांना ‘एंड-टु-एंड एन्क्रिप्शन’ सर्वत्र लागू केलें. सिग्नल ह्या ॲपचा तर तो पायाच आहे. किंबहुना व्हॉट्सॲपनें जी सांकेतिक पद्धति स्वीकारली, ती सिग्नलच्याच निर्मात्यांनीं तयार केलेली होती. ह्या पद्धतींत मेसेज पाठविणाराच्या यंत्रावरच गुप्त लिपींत बदलला जातो आणि ज्याला तो पाठवावयाचा, त्याच्या यंत्रावर पोहोंचल्यावरच पुन्हां सरळ भाषेंत येतो. मधले मनोरे, तारा आणि कंपन्यांचीं यंत्रें ह्यांना अर्थहीन अक्षरांपलीकडे कांहीं मिळत नाहीं. हें कुलूप वाटेंत फोडणें सामान्य चोराच्या आवांक्यांतलें नाहीं.

परंतु कोणतीहि गुप्त लिपि वाचणाराच्या डोळ्यांपर्यंत गुप्त राहूं शकत नाहीं. माणसाला वाचतां यावें म्हणून शेवटच्या क्षणीं ती उलगडून पडद्यावर मांडावीच लागते. आणि पडद्यावर काय दिसावें, हें ॲप एकट्यानें ठरवीत नाहीं. संगणकाचा वा मोबाईलचा सारा कारभार पाहणारी एक मूळ व्यवस्था असते. तिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. विंडोज, अँड्रॉइड, आयओएस हीं तिचीं परिचित उदाहरणें होत. प्रत्येक ॲप आपापल्या खिडकीचें चित्र रंगवून ह्या व्यवस्थेच्या हवालीं करतें; मग ती सर्व खिडक्यांचीं चित्रें एकावर एक रचून पडद्यावरचें एक अखंड चित्र तयार करते. म्हणजे पडद्यावर दिसणारी प्रत्येक गोष्ट, मग ती बँकेंतील शिल्लक असो, डॉक्टरांचा अहवाल असो कीं आईचें पत्र असो, आधीं ह्या व्यवस्थेच्या हातांतून जाते आणि मगच माणसाच्या डोळ्यांपुढें येते. ॲप हें भाडेकरूसारखें आणि ऑपरेटिंग सिस्टिम ही घरमालकासारखी आहे. भाडेकरूनें दाराला कितीहि भक्कम कुलूप लाविलें, तरी भिंती मालकाच्याच असतात. भिंतीला कान असतात हें सर्वांस ठाऊक आहे; पण तिला डोळे फुटले, तर कुलपाचा उपयोग काय?

हा प्रश्न केवळ काल्पनिक राहिलेला नाहीं, ह्याचें कारण २० मे २०२४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें केलेली एक घोषणा. ‘कोपायलट प्लस’ ह्या नांवाच्या नव्या जातीच्या संगणकांबरोबर विंडोजमध्यें ‘रिकॉल’ ही सोय येणार असल्याचें तिनें त्या दिवशीं जाहीर केलें. रिकॉल म्हणजे आठवून काढणें. ही सोय चालू असतां संगणक दर कांहीं सेकंदांनीं आपल्या पडद्याचें चित्र टिपून घेतो, त्या चित्रांतील अक्षरें ओळखतो, आणि चित्रें व अक्षरें दोन्हीं आपल्याच पोटांत सांठवून ठेवतो. पुढें कधीं मालकाला ‘ती निळी साडी कोणत्या दुकानाच्या पानावर पाहिली होती?’ असा प्रश्न पडला, तर तेवढे शब्द लिहितांच संगणक मागचीं पानें उलटून तें चित्र पुढें आणून ठेवतो. एवढ्या कामासाठीं यंत्रहि तसेंच समर्थ लागतें. १६ गिगाबाइट स्मृति, निदान २५६ गिगाबाइटचा सांठा आणि सेकंदाला ४० लक्ष कोटींहून अधिक क्रिया करूं शकणारा एक खास विभाग त्यांत असावा लागतो. २५६ गिगाबाइटच्या संगणकांत आरंभीं २५ गिगाबाइट जागा ह्या कामीं राखली जाईल आणि तेवढ्यांत सुमारें तीन महिन्यांचीं चित्रें मावतील, असें कंपनीनें त्या वेळीं सांगितलें होतें.

ह्या सोयीमागचा हेतु वाईट होता, असें म्हणण्याचें कारण नाहीं. दिवसभर संगणकापुढें बसणाराला शेंकडों पानें, पत्रें आणि तक्ते पाहावे लागतात. त्यांतलें नेमकें कोठें काय पाहिलें, ह्याची आठवण राहणें दुर्घट होतें. अशा वेळीं न थकतां, न विसरतां सर्व कांहीं टिपून ठेवणारा कारकून हाताशीं असावा, असें कोणास वाटणार नाहीं? परंतु कारकून ठेवतांना त्याच्या हुशारीइतकीच त्याच्या वहीच्या कुलपाचीहि चौकशी करावयाची असते. आणि ती चौकशी जाणत्या लोकांनीं लागलीच सुरू केली.

केविन बोमाँट ह्या संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकानें असें दाखवून दिलें कीं, चित्रांतून वाचलेलीं अक्षरें ज्या कोठारांत ठेविलीं जात, तें कोठार मालकानें संगणक उघडल्यावर उघड्या वहीसारखें होतें. सारा सांठा गुप्त लिपींत असला, तरी मालक आंत शिरतांच ती लिपि उलगडे. आणि मग त्याच्या नांवानें चालणारा एखादा उपद्रवी प्रोग्रॅमहि ती वही वाचूं शके. जून २०२४ च्या आरंभीं अलेक्झांडर हागेना ह्या दुसऱ्या तज्ज्ञानें ‘टोटल रिकॉल’ ह्या नांवाचा एक छोटा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला आणि हें कोठार किती सहज उपसतां येतें, त्याचें प्रात्यक्षिकच करून दाखविलें. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयानें तर त्यापूर्वींच, मे महिन्यांत, कंपनीकडे विचारणा केली होती. पूर्वीं चोराला एकेक कपाट फोडावें लागे. आतां महिनोन् महिन्यांचें वाचन, लेखन आणि संभाषण एकाच वहींत सुबक रीतीनें लिहून ठेवलेलें त्याला आयतें मिळणार होतें.

टीकेचा परिणाम झाला, ही समाधानाची गोष्ट होय. ७ जून २०२४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, मालकानें आपण होऊन संमति दिल्याशिवाय रिकॉल चालू होणार नाहीं. १८ जूनला संगणकांबरोबरच ही सोय द्यावयाची, असा मूळचा बेत होता. तोहि रद्द करून ती पुढें ढकलण्यांत आली. सप्टेंबरमध्यें नवी रचना सांगण्यांत आली, नोव्हेंबरमध्यें ती परीक्षकांच्या हातीं गेली आणि अखेर २५ एप्रिल २०२५ रोजीं कोपायलट प्लस संगणकांच्या सर्वसाधारण ग्राहकांना ती देण्यास आरंभ झाला. नव्या रचनेंत चित्रें व अक्षरें गुप्त लिपींत ठेविलीं जातात. तीं उघडण्याचें काम संगणकाच्या इतर व्यवहारांपासून वेगळ्या केलेल्या एका बंदिस्त कप्प्यांत चालतें. आणि संगणकापुढें मालक प्रत्यक्ष हजर आहे, ह्याची खात्री चेहऱ्यावरून किंवा बोटाच्या ठशावरून पटवून द्यावी लागते. नको असल्यास ही सोय विंडोजमधून काढूनहि टाकतां येते. चित्रें संगणकाबाहेर कंपनीकडे जात नाहींत, असें कंपनीचें सांगणें आहे. पहिल्या घोषणेंतील रिकॉल आणि बाजारांत आलेलें रिकॉल ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, हें निःपक्षपाती माणसानें मान्य केलेंच पाहिजे.

मग काळजीचें कारण काय उरलें, अशी शंका येणें साहजिक आहे. उरलेल्या गोष्टी तीन आहेत आणि त्या उत्तरोत्तर अधिक महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट किल्लीची. आरंभीं चेहरा वा बोटाचा ठसा दाखवावा लागला, तरी पुढें तो जुळला नाहीं, तर पर्याय म्हणून संगणकाचा पिन-क्रमांकहि चालतो. घरांत एकमेकांचे पिन-क्रमांक ठाऊक असणें ही अगदीं नेहमींची गोष्ट आहे. जेथें घरांत विश्वास आहे, तेथें त्यापासून अपाय नाहीं. परंतु जेथें नवरा बायकोवर पाळत ठेवतो, किंवा मुलगा म्हाताऱ्या वडिलांच्या पैशावर डोळा ठेवून असतो, तेथें चार आंकडे ठाऊक असणें म्हणजे महिनोन् महिन्यांचा मनोव्यापार हातीं लागणें होय. परक्या चोरापासून रक्षण करणारें कुलूप घरच्या माणसापुढें लंगडें पडतें.

दुसरी गोष्ट चाळणीची. पासवर्ड, कार्डांचे क्रमांक, ओळखपत्रांचे क्रमांक असा नाजूक मजकूर ज्या चित्रांत दिसेल, तीं चित्रें ठेवूं नयेत, अशी एक चाळणी रिकॉलमध्यें लाविलेली आहे. ती पुष्कळदां काम करते. पण नेहमींच करते असें नाहीं. २०२४ च्या डिसेंबरमध्यें टॉम्स हार्डवेअर ह्या अमेरिकन प्रकाशनानें परीक्षा घेतली, तेव्हां दुकानांच्या पैसे भरण्याच्या पानांवर चाळणीनें चित्र टाळलें; परंतु साध्या टिपणवहींत लिहिलेला कार्डाचा क्रमांक आणि कर्जाच्या अर्जांत भरलेला ओळख-क्रमांक तिनें निसटूं दिला. आणि ही चाळणी उद्यां निर्दोष झाली, तरी मूळ अडचण राहतेच. आंकड्यांची ओळ यंत्राला ओळखतां येते. पण मुलीच्या मोडूं पाहणाऱ्या संसाराची हकीकत, धाकट्या भावाचें व्यसन, नुकताच कळलेला असाध्य आजार, ह्यांना कोठला आंकडा असतो? माणसाचें जें खरोखर खासगी असतें, तें बहुधा साध्या शब्दांतच लिहिलेलें असतें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती संमतीची आहे. रिकॉलला संमति देतो तो संगणकाचा मालक. कोणतें ॲप वगळावें, हेंहि त्यालाच ठरवितां येतें. परंतु ज्या ॲपमध्यें पत्रव्यवहार चालतो, त्याच्या निर्मात्यांना ‘आमची खिडकी टिपूं नका’ असें सांगण्याची सरळ सोय रिकॉलबरोबर देण्यांत आली नाहीं. इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरांना ‘हें पान खासगी आहे’ अशी खूण करतां येते. मेसेजच्या ॲपांसाठीं तशी खूण ठेवलेली नव्हती. आणि ज्यानें पत्र पाठविलें, त्या दूरच्या माणसाला तर विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

ह्याच अडचणींतून सिग्नलनें २१ मे २०२५ रोजीं एक वेगळी वाट काढली. विंडोज ११ वरील आपल्या ॲपमध्यें त्यांनीं ‘स्क्रीन सिक्युरिटी’ ही व्यवस्था आरंभापासूनच चालू स्थितींत ठेविली. ही व्यवस्था चालू असतां रिकॉलनें किंवा दुसऱ्या कोणत्याहि साधनानें पडद्याचें चित्र घेतलें, तर सिग्नलच्या जागीं कांहींच उमटत नाहीं. मालकाच्या डोळ्यांना मेसेज दिसतो. टिपणाऱ्या यंत्राला दिसत नाहीं.

हें साधलें कसें, तें समजून घेण्याजोगें आहे. विंडोजमध्यें प्रत्येक खिडकीला एक खूण लावतां येते. ही खूण लाविली कीं ती खिडकी प्रत्यक्ष पडद्यावर दाखवावी, परंतु पडद्याची नक्कल करूं पाहणाराला देऊं नये, अशी आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिमला मिळते. ही तजवीज २००९ सालच्या विंडोज ७ पासूनची आहे. २०२० मध्यें ती अधिक पूर्ण करण्यांत आली आणि खूण केलेली खिडकी नकलेंतून अजीबात वगळण्याची सोय झाली. ह्याच वर्गांतल्या तजविजींचा परिचय पुष्कळांना दुसऱ्या एका ठिकाणीं झालेला असतो. संगणकावर पैसे भरून पाहिलेल्या चित्रपटाचा स्क्रीनशॉट घेऊं जावें, तर हातीं केवळ काळा चौकोन लागतो. चित्रपटाच्या मालकांचा हक्क राखण्यासाठीं हीं कुलपें घडविण्यांत आलीं. आणि रिकॉलहि त्यांना मान देतें. ह्यांतील विसंगति लक्षांत घेण्यासारखी आहे. कंपनीच्या चित्रपटाला आपलें रक्षण करण्याची सोय पूर्वींपासून होती. मुलाला पत्र लिहिणाऱ्या आईला ती नव्हती. म्हणून आईच्या पत्राला चित्रपटाचें कुलूप उसनें आणून लावावें लागलें.

उसनें कुलूप हें उसनेंच असतें. त्याच्याबरोबर कांहीं गैरसोयीहि येतात. ज्यांची दृष्टि मंद आहे, ते पडद्यावरील मजकूर मोठा करून दाखविणारीं साधनें वापरतात. ज्यांना मुळींच दिसत नाहीं, ते मजकूर वाचून दाखविणारे प्रोग्रॅम वापरतात. खिडकी नकलेसाठीं बंद केली, तर ह्यांतील कांहीं साधनें नीट चालत नाहींत, असें सिग्नलनें स्वतःच सांगितलें आहे. एकाच्या खासगीपणासाठीं दुसऱ्याचे डोळे बांधणें न्याय्य नव्हे. म्हणून ही व्यवस्था बंद करण्याचें बटन सिग्नलनें ठेविलें आहे. मात्र चुकून बंद होऊं नये, यासाठीं आधीं एक सूचना देऊन पुन्हां विचारणा केली जाते. शिवाय सभेंत पडदा सर्वांना दाखवितांना ही खिडकी दाखवितां येत नाहीं, हीहि एक अडचण आहेच. ह्या सर्व गैरसोयींचा दोष कुलपाचा नाहीं. योग्य कुलूप मिळालें नाहीं, म्हणून हातांत आलें तें लावावें लागलें, हें त्याचें खरें कारण आहे.

इतरांनीं इतर उपाय योजिले. ब्रेव्ह ह्या ब्राउझरच्या निर्मात्यांनीं २०२५ च्या जुलैमध्यें जाहीर केलें कीं, त्यांच्या ब्राउझरमधील प्रत्येक पान खासगीच समजावें, असें ते विंडोजला कळवितील. म्हणजे रिकॉल तें टिपणार नाहीं आणि साधा स्क्रीनशॉट मात्र घेतां येईल. घरांतल्या घरांत छळ सोसणाऱ्या व्यक्तींचा विचार ह्या निर्णयामागें होता, असें त्यांनीं स्पष्ट म्हटलें आहे. ब्राउझरला जी बारीक खूण उपलब्ध होती, ती मेसेजच्या ॲपला उपलब्ध असती, तर मंददृष्टीच्या माणसाची अडचण न करतां हेंच काम साधलें असतें.

मोबाईलच्या जगांत हा प्रश्न थोडा निराळ्या रीतीनें सुटलेला आहे. अँड्रॉइडमध्यें ॲपच्या निर्मात्याला आपली खिडकी ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर करण्याची मुभा पहिल्यापासून आहे. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट घेऊं गेल्यास मोबाईल नकार देतो, हा अनुभव अनेक घरांत आलेला असेल. त्याचें कारण हेंच. व्हॉट्सॲपनेंहि २०२२ मध्यें ‘एकदांच पाहा’ अशा मेसेजांचे स्क्रीनशॉट रोखण्याची व्यवस्था आणली. आयफोनवर मात्र धोरण वेगळें आहे. तेथें स्क्रीनशॉट घेतला गेल्यावर ॲपला तसें कळतें आणि पडद्याचें चित्रण चालू असल्यास तेंहि कळतें. त्यावरून आपला मजकूर झांकावा कीं नाहीं, तें ॲपनें ठरवावयाचें.

ही काळजी अनाठायीं नाहीं, ह्याचा प्रत्यय भारतांतहि आलेला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीमध्यें रिझर्व्ह बँकेनें बँकांना एक इशारा दिला होता. दूरवरून दुसऱ्याचा मोबाईल पाहतां व चालवितां येईल, असें एक ॲप ग्राहकाला घ्यावयास लावून लबाड लोक त्याच्या खात्यांतील रक्कम काढून घेत, असा तो प्रकार होता. तेथें कोणतीहि गुप्त लिपि फोडावी लागत नसे. ग्राहकाच्या पडद्यावर जें दिसे, तेंच चोरालाहि दिसे, आणि एवढेंच त्याला पुरे होई. पुढें अँड्रॉइडच्या २०२४ सालच्या पंधराव्या आवृत्तींत, पडदा दुसऱ्याला दाखविला जात असतां ओटीपीसारखा नाजूक मजकूर झांकण्याची तजवीज झाली. रिकॉल आणि ही लबाडी ह्या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. एक सोय आहे, दुसरा गुन्हा आहे. परंतु दोन्हींचें मर्मस्थान एकच: उलगडलेला मजकूर पडद्यावर असतो, तो क्षण.

येथवर रक्षणाच्या साधनांचा विचार झाला. आतां त्यांची मर्यादाहि पाहिली पाहिजे. समजा, सोलापुरांत राहणाऱ्या आईनें आपल्या आजाराविषयीं अमेरिकेंतील मुलाला मेसेज लिहिला. तिनें आपल्या बाजूनें सर्व दक्षता घेतली. इतकेंच नव्हे, तर आठवड्यानंतर मेसेज आपोआप नाहींसा व्हावा, अशीहि योजना केली. परंतु मुलाच्या संगणकावर पडद्याचीं चित्रें टिपलीं जात असतील आणि ॲपची आडव्यवस्था त्यानें सोयीसाठीं बंद केली असेल, तर मेसेज नाहींसा होईल, पण चित्र राहील. आईला त्याचा पत्ताहि लागणार नाहीं. स्क्रीन सिक्युरिटीचें बटन ज्याच्या त्याच्या यंत्रापुरतेंच काम करतें. पलीकडच्या टोंकाला काय चाललें आहे, तें ह्या टोंकाला कळण्याची सोय नाहीं. पत्र दोघांचें असतें. संमति मात्र एकाचीच घेतली जाते.

कायद्याचा आधारहि येथें फारसा मिळत नाहीं. खासगीपण हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें दिला. पुढें २०२३ मध्यें व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. परंतु एखाद्या व्यक्तीनें निव्वळ आपल्या खासगी वा घरगुती कामासाठीं दुसऱ्याची माहिती ठेविली, तर ती बाब ह्या कायद्यानें आपल्या कक्षेबाहेर ठेविली आहे. तसें करणें समंजसपणाचेंच आहे. नाहींतर घरांतील पत्त्यांची वही आणि लग्नाचे फोटो हेहि सरकारी नियमांखालीं आले असते. परंतु त्याचा परिणाम असा कीं, मुलाच्या संगणकांत त्याच्या स्वतःच्या उपयोगासाठीं सांठलेल्या आईच्या शब्दांविषयीं त्याला जाब विचारणारा ह्या कायद्यांत कोणी नाहीं. तेथें कायद्याऐवजीं यंत्राच्या रचनेवर आणि माणसाच्या सभ्यतेवरच विसंबावें लागतें.

रचनेच्या बाबतींत मागणी साधी आहे. पडदा टिपणारी सोय जो निर्माण करील, त्यानेंच ‘ही खिडकी टिपूं नये’ असें सांगण्याची सरळ खूण प्रत्येक ॲपला द्यावी. ती खूण अंध आणि मंददृष्टीच्या लोकांच्या साधनांना आड येऊं नये. आणि ती उपलब्ध आहे, हें सोय बाजारांत आणण्यापूर्वींच सांगावें. पाहुण्याला घरांत घेतल्यावर मग दाराला कडी बसविण्यापेक्षां आधीं कडी बसविणें केव्हांहि शहाणपणाचें. आज विंडोजपुरता जो प्रश्न निघाला, तो तिच्यापुरता राहण्याचा संभव नाहीं. माणसाच्या वतीनें पडदा पाहून काम करणारीं नवीं यंत्रबुद्धीचीं साधनें येत आहेत. त्यांना मदत करावयाची तर पाहणें प्राप्तच आहे, आणि जें पाहतें तें आठवणींत ठेवूंहि शकतें.

तोंवर गृहस्थानें काय करावें? घरांत नवा विंडोज संगणक आणला असल्यास तो कोपायलट प्लस जातीचा आहे काय, तें पाहावें. जुन्या संगणकांवर रिकॉल नाहीं आणि त्याविषयीं घाबरण्याचें कारण नाहीं. असल्यास सेटिंग्जमध्यें ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ ह्या सदराखालीं ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’ हें पान उघडावें आणि चित्रें घेणें चालू आहे कीं बंद, तें स्वतः पाहावें. चालू ठेवावयाचेंच असल्यास मेसेज, बँक व औषधोपचार ह्यांचीं ॲप व संकेतस्थळें वगळावींत आणि जुनीं चित्रें वेळोवेळीं पुसून टाकावींत. घरांतील प्रत्येकाचें खातें वेगळें असावें. पिन-क्रमांक सर्वांचा एक नसावा. सिग्नल वापरणारांनीं स्क्रीन सिक्युरिटीचें बटन गरजेवांचून बंद करूं नये, आणि दृष्टीच्या अडचणीमुळें करावें लागल्यास रिकॉल बंद असल्याची खात्री करून घ्यावी. सर्वांत शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पडद्यासमोर दुसरा मोबाईल धरून कोणी फोटो काढला, तर तो कोणत्याहि कुलपाला अडवितां येत नाहीं. विंडोजची ती खूण म्हणजे पूर्ण संरक्षणाची हमी नव्हे, असें खुद्द मायक्रोसॉफ्टच्या माहितीपुस्तकांतच सांगितलेलें आहे.

ह्या सूचनांपैकीं बहुतेक स्वतःच्या रक्षणासाठीं आहेत. परंतु स्वतःच्या संगणकावर स्वतःचींच पत्रें असतात असें नाहीं. मित्रांनीं, आप्तांनीं, अडचणींत सांपडलेल्या माणसांनीं विश्वासानें पाठविलेलीं पत्रेंहि तेथें असतात. आपल्या घरांत स्मृतीची कोणती सोय चालू आहे, ह्याचा निर्णय घेतांना त्या न विचारलेल्या माणसांच्या वतीनेंहि विचार करणें हें सुशिक्षित गृहस्थाचें कर्तव्य ठरतें. पूर्वीं दुसऱ्याचें पत्र टेबलावर उघडें टाकून कोणी उठत नसे. तीच साधी रीत संगणकापुढेंहि पाळली, तर पत्र पाठविणाराचा विश्वास वायां जाणार नाहीं.